भाईदासच्या गाडीतला कॉम्प्युटर

मला कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. ही माझी जुनी खोड. चाळीसगावला धुळे रोडवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, आणि मी सांगतोय त्या त्र्याण्णव साली त्याला बावीस वर्षं झाली होती. ट्रक, टेम्पो, जीप, ट्रॅक्टर, ज्यात म्हणून बॅटरी असते ते सगळं माझ्या हाताखालून गेलेलं. त्यामुळे जळगावला पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारे देवचंद सर माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून तार कशी ओढायची ते मला सांगायला लागले, तेव्हा मी वरवर मान हलवत होतो आणि आतून जळत होतो.

सरांनी एक डबा तयार केला होता. जेवणाच्या डब्याएवढा, पत्र्याचा, तोंडाला दोन लाल आकडे. त्याला सगळे कॉम्प्युटर म्हणत. तो ड्रायव्हरसमोर बसवायचा, डिझेलच्या टाकीतल्या फ्लोटची, म्हणजे तरंगत्या गोळ्याची, तार त्याला जोडायची, म्हणजे टाकीत किती लिटर उरलंय ते आकड्यात दिसतं. एवढंच नाही, तर डिझेल चार लिटरच्या खाली गेलं की डबा स्वतःच इंजिन बंद करायचा. टाकी पार कोरडी पडली की डिझेलच्या लाइनीत हवा शिरते, मग ती काढता काढता अर्धा दिवस जातो. ते टाळायला ही सोय. गाडी हलली की टाकीतलं डिझेल हिंदकळतं, आकडा खालीवर होतो, म्हणून सरांनी त्यात दहा सेकंदांची सवलत ठेवली होती. आकडा सलग दहा सेकंद चारच्या खाली राहिला तरच इंजिन बंद.

हा डबा मागवला भाईदासने. भाईदास माझ्याच गल्लीतला. त्याची एक मॅटॅडोर होती, लग्नं, जत्रा, बाजार, मिळेल ते भाडं मारायचा. डिझेलच्या बाबतीत इतका चिकट की टाकी कधी पावच्या वर भरायची नाही, आणि उतार लागला की गाडी न्यूट्रल करून सोडून द्यायची. महिन्यातून एकदा तरी तो कुठेतरी रस्त्यात कोरडा पडायचा आणि मला निरोप यायचा. त्यामुळे डब्याची गरज कुणाला असेल तर त्यालाच होती, हे मीही मानलं.

सरांनी जाताना मला एक गोष्ट दोनदा सांगितली. फ्लोटचं अर्थिंग गाडीच्या बॉडीवरून घेऊ नका, टाकीपासून डब्यापर्यंत त्याची वेगळी तार ओढा. मी हो म्हटलं. आता हे मोटारीच्या वायरिंगमधलं साधं आहे, ज्याला माहीत नसेल त्याच्यासाठी सांगतो. करंट जायला एक तार लागते आणि परत यायला एक वाट लागते. ती परतीची वाट म्हणजे अर्थिंग, आणि ते आम्ही सगळेच गाडीच्या पत्र्यावरून घेतो, कारण पत्रा लोखंडाचाच असतो. निम्मी तार वाचते, निम्मं काम वाचतं. चाळीसगाव, पाचोरा, धुळे, कुठल्याही दुकानात जा, परतीची वेगळी तार ओढणारा मिस्त्री दिसला तर लोक त्याला नवखा म्हणतील. मला बावीस वर्षांनंतर नवखा म्हणवून घ्यायचं नव्हतं.

भाईदासची गाडी आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी, धुळ्याला रुपचंद पेंटरकडून हिरवीगार रंगवून आली होती. रुपचंदचा हात सढळ. वर रंग, खाली रंग, टाकीला रंग, टाकीच्या पट्ट्यांना रंग, बोल्टांनासुद्धा रंग. मी एका बोल्टाखालचा रंग खरवडला, तिथे अर्थिंग घट्ट केलं, एकच तार पुढे नेली आणि डबा बसवला. टाकीत दहा लिटर ओतलं, आकडा दहा. अजून पाच ओतलं, आकडा पंधरा. गावात दोन चकरा मारल्या. भाईदास खूश, मी खूश. सरांच्या त्या वेगळ्या तारेची आठवण झाली तेव्हा मला हसूही आलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी भाईदास कन्नड घाट चढून वर गेला. आमच्या खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, यायलाच हव्यात. आमच्या गल्लीतल्या पाच जणी वर कन्नडच्या आसपास दिलेल्या. पाच घरांनी मिळून भाईदासची गाडी ठरवली होती आणि बाईमाणूस सोबत हवं म्हणून त्याची आई द्रौपदाबाई बरोबर गेली होती. त्या पाच जणींत माझी पुष्पा होती. लग्नानंतरची तिची पहिली आखाजी. माझ्या बायकोने, सुनंदाने, चार दिवस आधीपासून सांजोऱ्यांचा रवा काढून ठेवला होता आणि दारच्या निंबाला झोका मी स्वतः बांधला होता. मला ती एकच लेक. दहावीपर्यंत शाळा सुटली की ती घरी न जाता दुकानात यायची आणि तारा सोलत बसायची. लोक हसायचे, मी त्यांच्यावर ओरडायचो.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास मी पितांबरच्या टेम्पोत काम करत होतो. भाईदासचं बघून पितांबरनेही सरांकडून डबा आणला होता. तसाच बसवला, तशीच एक तार, तसंच बॉडीवरून अर्थिंग. इंजिन चालू होतं. डब्यावर आकडा बावीस. मागचा एक ब्रेकचा बल्ब गेलेला होता, तो मी बदलला आणि पितांबरला म्हटलं, ब्रेक दाबून धर, बघू लागतो का. दिवा लागला. मी पुढे आलो तर पितांबर पाय दाबून ठेवून खिशात बिडी शोधत होता, आणि डब्यावर आकडा तीन होता.

मी म्हटलं, डिझेल काढलं का कुणी. तो म्हणाला, नाही. तेवढ्यात आतून खट् असा आवाज आला आणि इंजिन बंद पडलं.

पितांबरने घाबरून पाय उचलला. आकडा वर चढत बावीसवर आला. मी त्याला परत ब्रेक दाबायला सांगितलं. आकडा बावीसवरून अकरा, सात, तीन. पाय उचल म्हटलं, पुन्हा बावीस. मला कळलं. ब्रेक दाबला की मागचे दोन्ही दिवे लागतात. त्या दिव्यांचा करंट परत येतो तो त्याच पत्र्यावरून, त्याच गंजक्या, रंग बसलेल्या बोल्टांवरून, जिथून माझ्या फ्लोटचाही परत येत होता. वाट एकच आणि ती अरुंद. दिवे लागले की फ्लोटचा करंट अडायचा आणि डब्याला वाटायचं टाकी रिकामी आहे. मी टाकीपासून डब्यापर्यंत तारेचा एक तुकडा नुसता हातानेच लावून धरला आणि पितांबरला ब्रेक दाबायला लावलं. आकडा बावीसवरून हलला नाही.

सर हेच सांगत होते. दोनदा सांगत होते.

आणि मग मला घाट आठवला. गावात कोण दहा सेकंद ब्रेक दाबून धरतो? कुणीच नाही. दाबला, सोडला, दाबला, सोडला. म्हणून गावातल्या चकरांत काही झालं नाही. चढावर ब्रेक लागत नाही, म्हणून सकाळी जाताना काही झालं नसणार. सलग दहा सेकंद ब्रेक लागतो तो उताराला. आणि भाईदास उताराला गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो. इंजिन बंद पडलं तर गाडी थांबणार नाही, नुसती घरंगळत राहील. शिवाय मॅटॅडोरचा ब्रेक हलका होतो तो इंजिनावर चालणाऱ्या पंपामुळे. इंजिन गेलं की पंप गेला. दोनदा, तीनदा ब्रेक लागेल, मग पेडल दगडाचं होऊन जाईल.

पितांबर मला काहीतरी विचारत होता. मी त्याला काही न सांगता पलीकडच्या एसटीडी बूथकडे पळालो.

पुष्पाच्या सासरी फोन नव्हता. गावातल्या एका आडत्याच्या घरी होता, त्याचा नंबर मी पाकिटात ठेवला होता. तीन वेळा लागला नाही. माझ्या मागे एक जण उभा होता, तो सुस्कारे टाकत होता, त्याच्यावर मी उगाच खेकसलो. चौथ्यांदा लागला. आडत्या म्हणाला, गाडी आली होती, पुष्पाला घेऊन गेली, अर्धा-पाऊण तास झाला. मी विचारलं, तिथून कुठे. तो म्हणाला, ते काय मला माहीत, बाकीच्या पोरी घेऊन जाणार असतील खाली. तुम्ही काळजी कशाला करता, घरचीच गाडी आहे.

शेजारच्या वेल्डिंगवाल्याची राजदूत मोटारसायकल उभी होती. मी चावी मागितली नाही, घेतली. पक्कड आणि टेप खिशात घातला. निघताना माझ्या घरासमोरून रस्ता जातो. सुनंदा ओट्यावर बसून रसाचे आंबे निवडत होती. तिने मान वर केली. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर तिला काय सांगितलं असतं मी?

गावाबाहेर आल्यावर माझ्या मनाने माझा छळ सुरू केला. आखाजीला लेकी येतात हे खरं, पण आखाजीला घागरही भरतात, आणि घागर भरतात ती घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने. माझ्या आईची, वडिलांची घागर उद्या भरायची होती, कुंभाराकडून आणून ठेवली होती. मी ते डोक्यातून काढायचा प्रयत्न केला आणि जितका काढत होतो तितकं ते घट्ट बसत होतं. मी मोठ्याने शिव्या द्यायला लागलो. भाईदासला, रुपचंदला, राजदूतला. स्वतःला शेवटी.

मी हिशोब करत होतो. गाडी पुष्पाकडून निघून अजून दोन गावं घेणार. प्रत्येक घरी चहा होणार, रडारड होणार, पिशव्या चढवणार. द्रौपदाबाई कुणाच्या घरून पाणी न पिता निघणारी बाई नव्हे. म्हणजे अजून वेळ आहे. मग वाटायचं, भाईदास घाईचा माणूस, त्याला संध्याकाळी दुसरं भाडं असेल. म्हणजे वेळ नाही. वेळ आहे, वेळ नाही, असं करत मी राजदूतचा कान पूर्ण पिळलेला होता आणि ती साठच्या वर जायला तयार नव्हती.

समोरून येणारी प्रत्येक गाडी मी बघत होतो. एसटी गेली, दोन ट्रक गेले, एक जीप. हिरव्या मॅटॅडोरी रस्त्यावर किती असतात हे मला त्या दिवशी कळलं. दोनदा वाटलं तीच, दोनदा नव्हती. खाली सुखरूप उतरलेली तीच दिसली असती तर मी रस्त्यात लोळण घेतली असती, पण ती दिसली नाही.

पायथ्याला पोचलो तेव्हा राजदूत तापून वास सुटला होता. थांबवली तर परत चालू होणार नाही म्हणून थांबवली नाही. घाटात शिरलो. पहिलं वळण, दुसरं वळण. खालून वर जाताना मला दर वळणावर कान द्यावासा वाटत होता, की वरून इंजिनाचा आवाज येतोय का. इंजिनाचा आवाज आला तर बरं. आवाज न करता एखादी गाडी वरून आली तर ती भाईदासची असणार होती, आणि ती मला दिसेपर्यंत उशीर झालेला असणार होता. माझ्या स्वतःच्या राजदूतच्या आवाजात मला काहीच ऐकू येत नव्हतं आणि तरी मी ऐकत होतो.

तिसऱ्या वळणानंतर वरून एक ट्रक आला. अगदी हळू, पहिल्या गिअरात. ड्रायव्हरने मला बघून हात बाहेर काढला आणि हळू चालवा म्हणाला, वर एक मॅटॅडोर डोंगराला लागलीय, रस्त्यात माणसं उभी आहेत.

मी विचारलं, कोणत्या रंगाची.

तो म्हणाला, हिरवी. नवीन रंग दिसतोय.

माणसं कशी आहेत हे मी त्याला विचारलंच नाही. ट्रक निघून गेला, राजदूत बंद पडली. मी तसाच रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. मला वर जायची भीती वाटत होती. खरं सांगतो, त्या घडीला मला असं वाटलं की मी वर गेलोच नाही तर काहीच झालेलं नसेल. किती वेळ उभा होतो माहीत नाही. मागून एका गाडीने हॉर्न दिला तेव्हा भानावर आलो आणि किक मारली. दहाव्या किकला चालू झाली.

अजून दोन वळणं होती. वळलो तर गाडी दिसली. डोंगराच्या बाजूच्या गटारीत डावी चाकं गेलेली, तोंड कड्याला टेकलेलं, डावा हेडलाइट फुटलेला, रंग ओरबाडून पार पत्रा दिसत होता. दुसऱ्या बाजूला रस्ता संपला की लगेच दरीचा कठडा होता आणि त्यापलीकडे काही नव्हतं. रस्त्याच्या कडेला लुगडी, पिशव्या, आंब्याची एक टोपली आणि बायका. मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. द्रौपदाबाई कपाळाला पदर धरून बसलेली, चार. एक पोर उलट्या करत होती, पाच. पाच मोजले आणि सहावी दिसेना. मी राजदूत तशीच आडवी टाकली.

सहावी मॅटॅडोरच्या आत होती. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून एका हाताने दुसरं मनगट दाबत होती. मला तिथे आलेलं बघून ती म्हणाली, "नाना, तुम्ही कसा काय उनात?"

मी तिच्या डोक्यावरून, खांद्यावरून, हातांवरून हात फिरवून बघितलं. मनगट सुजलं होतं, बाकी सगळं होतं. मी तिथेच, गाडीच्या पायरीवर, मटकन बसलो आणि रडायला लागलो. बायकांसमोर, भाईदाससमोर. बावीस वर्षं दुकान चालवलेला मिस्त्री.

काय झालं ते मला भाईदासकडून कळलं. त्याचा चेहरा पांढराफटक होता आणि तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. वरचं पहिलं मोठं वळण उतरताना त्याने नेहमीप्रमाणे गाडी न्यूट्रल केली आणि ब्रेक धरला. इंजिन बंद पडलं. त्याला वाटलं आपोआप चालू होईल. ब्रेक दोनदा लागला, तिसऱ्यांदा पेडल खालीच जाईना. हँडब्रेक ओढला तर नुसता जळका वास आला. गिअर टाकायला गेला तर वेग इतका वाढलेला की गिअर करकर करायला लागले. पोरी ओरडायला लागल्या. तेवढ्यात मागून पुष्पाने त्याच्या खांद्यावरून हात घातला आणि डब्याची लाल तार धरून उपसून काढली, आणि त्याच्या कानात ओरडली की गिअर टाक, मोडला तर मोडू दे, तिसरा टाक. त्याने दोन्ही हातांनी दांडा लोटला. गिअर बसला, गाडीला हिसका बसला आणि इंजिनाने उचल खाल्ली. मग ब्रेक थोडा लागला. पुढे वळण होतं, तिथे तो वळला नाही, त्याने सरळ डोंगरात घातली.

ती लाल तार म्हणजे डब्याची सप्लायची. ती काढली की डबा मेला, आणि डबा मेला की इंजिन अडवणारं काही राहिलं नाही. फ्लोटची तार ओढली असती तर उलट झालं असतं. घाटात, गाडी सुटलेली असताना, पाच तारांतली नेमकी ती तार तिने धरली होती.

"त्या मास्तरना डबानी वाट लागो," भाईदास म्हणाला. "जळगावले जाईसन त्याना डोकामा टाकस मी हाऊ डबा."

बाकीच्या पोरीही बोलायला लागल्या. मास्तरने काय करून ठेवलंय, असली मशिनं गाडीत लावतात का, पोलिसात द्यायला पाहिजे. द्रौपदाबाईने मास्तरच्या सात पिढ्या काढल्या. मी ऐकत होतो. कुणीही माझं नाव घेत नव्हतं. डबा मास्तरचा, चूक मास्तरची, आणि मी, अभिमन मिस्त्री, तर पोरीच्या काळजीने घाट चढून आलेला बाप. मी गप्प राहिलो असतो तर गोष्ट तिथेच मिटत होती. आणि मी गप्प राहिलो. लाज वाटते सांगायला, पण चांगली पाच मिनिटं मी गप्प राहिलो.

पुष्पा गाडीतून उतरली. मला म्हणाली, जरा इकडे या. आम्ही गाडीच्या मागे गेलो. तिने खाली वाकून टाकीकडे बघितलं, मी खरवडलेल्या त्या एका बोल्टाकडे बघितलं, आणि मग हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं.

"अर्थिंग बॉडीले दिधं व्हतं ना, नाना?"

मी मान हलवली. मी तिला विचारलं, तुला कसं कळलं. ती म्हणाली, डबा काय करतो ते भाईदासने सांगितलं होतं; घाट लागण्याआधी फाट्यावर एक बैलगाडी आडवी आली होती, भाईदासने ब्रेक दाबला तेव्हा आकडा खाली गेला, सोडला तेव्हा वर आला. घाटात परत तेच झालं. मी म्हटलं, इतक्या जणी होत्या गाडीत, गप्पा चालल्या असतील, माहेरी यायच्या आनंदात असाल सगळ्या. तू त्या डब्याकडे कशाला बघत होतीस?

"हाऊ डबा तुमना हातना शे," ती म्हणाली. "म्हनीसन तर मनी नजर त्यानावर व्हती. मी बठ्ठ्या पोरीसले तेच सांगी राह्यनती."

म्हणजे ती सगळ्यांना दाखवत होती. माझ्या नानांनी लावलंय म्हणून. ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, आणि रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, मी कुणाला काही सांगणार नाही. मग तिने सुजलेलं मनगट पदरात गुंडाळलं आणि बायकांकडे जायला वळली.

मी तिला थांबवलं नाही, पण तिच्या मागोमाग गेलो. भाईदाससमोर उभा राहिलो. तो अजून मास्तरलाच शिव्या देत होता. मी त्याचा हात धरला.

"चूक मनी शे, भाईदास. डबानी नही, मास्तरनी नही. मास्तरनी दोन दाव सांगं व्हतं, तार येगळी ओढ म्हनीसन. मी ऐकं नही."

भाईदासने माझ्याकडे बघितलं, त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं. मला वाटलं तो मारणार, आणि मी तयारही होतो. त्याने माझा हात झटकला आणि कठड्याजवळ जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याची पाठ हलत होती. सुनंदाला सांगायचं, बाकीच्या चारही घरी जाऊन सांगायचं, जळगावला जाऊन सरांना सांगायचं, हे सगळं मला दिसत होतं, पण त्याची ती पाठ सगळ्यांत कठीण होती.

एका ट्रकवाल्याने दोर लावून गाडी गटारीतून काढून दिली. रेडिएटर वाचलं होतं. मी डबा मुळापासून तोडला, एकेक तार कापली, टोकांना टेप लावला आणि डबा पिशवीत टाकला. इंजिन चालू केलं, ब्रेक पन्नास आकडे मोजेपर्यंत दाबून धरला. इंजिन चालू राहिलं, पेडल नरम राहिलं. पुन्हा पन्नास मोजले. हँडब्रेक कसला. मग खाली उतरलो आणि म्हणालो, बसा आता, काही भीती नाही.

कुणी हललं नाही. ऊन कलत होतं, खाली चाळीसगावाकडचं रान दिसत होतं, आणि पाच पोरी आणि एक म्हातारी आपापल्या पिशव्या धरून जागच्या जागी उभ्या होत्या. द्रौपदाबाईने कपाळावरचा पदर काढला. तिला टेंगूळ आलं होतं. तिने मला विचारलं, "आते तरी बराबर शे का रे?"

मी शे म्हटलं. तिने मान फिरवली. एक पोर म्हणाली, आम्ही पायी उतरू, खालून एसटी मिळेल. दुसरी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्यांचं काही चुकत नव्हतं. माझ्या शब्दावर त्या एकदा बसल्या होत्या.

मग पुष्पाने तिची पिशवी उचलली. कुणाशी काही न बोलता गाडीकडे गेली, पुढचं दार उघडलं आणि भाईदासच्या शेजारच्या सीटवर, काचेसमोर जाऊन बसली. पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चला."

द्रौपदाबाई तिच्या मागोमाग चढली. मग एकेक करत बाकीच्या चढल्या. भाईदास डोळे पुसून स्टिअरिंगवर बसला. त्याने चावीला हात घातला आणि माझ्याकडे बघितलं, निघू का म्हणून. सगळ्या जणी माझ्याकडेच बघत होत्या.

मी हात वर केला, थांब म्हटलं, आणि सगळं पुन्हा एकदा तपासायला पक्कड घेऊन गाडीखाली शिरलो.